निगेटिव्हमधला डावा डोळा

१२ मार्च, गुरुवार
रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट

छायाप्रकाशचक्रवर्ती, त्रिपादयंत्राधीश, कृष्णपटावगुंठित, भिंगभूषण, ‘हनुवटी जरा खाली’ या महामंत्राचे आद्य द्रष्टे, सप्तवार्षिक अखंड मौनव्रताचे धुरंधर आचार्य, आणि कालपासून विषमपादत्राणविभूषित, परमपूज्य ज्येष्ठ बंधू यांच्या चरणी (त्यांतही डाव्या चरणी विशेषेकरून) धाकट्या बंधूचा, म्हणजे आपल्या फोटो स्टुडिओतील पेन्सिलधारी रूपसुधारकाचा, साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द लाक्षणिक समजावा. मान वाकवण्यास डॉक्टरांची सक्त मनाई आहे.

पत्राचे प्रयोजन कृतज्ञताज्ञापन. सात वर्षे उभयपक्षी एक अक्षर नाही आणि आता एकदम कृतज्ञता, हा रसभंग आहे हे मी जाणतो. फोनही करता आला असता. परंतु फोन आपण ठेवून द्याल. पत्र फाडण्यापूर्वी निदान कोणाचे आहे ते पाहावे लागते, आणि तेवढ्यात दोन ओळी वाचून होतात.

सोमवारी सायंकाळी आपण आमच्या दारात उभे राहिलात. काखेत ती पत्र्याची पेटी, पायांत घरातल्या चपला, मुखावर नित्याचा तिरस्कार. मी म्हणालो, “या.” आपण माझ्याकडे न पाहता माझ्या पत्नीला म्हणालात, “याला गाडीत बसव. मान हलवू देऊ नकोस.” सात वर्षांनंतरच्या प्रथम भेटीत मला उद्देशून शून्य शब्द. रुग्णालयातही तोच परिपाठ. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना आपण सांगितलेत, “याला विचारा, मान दुखते का. नाही म्हणेल. खोटं असेल ते.” त्यांनी विचारले. मी “नाही” म्हणालो.

“बघा,” आपण म्हणालात.

एखाद्याशी न बोलता त्याचा प्राण वाचवता येतो, हे मला त्या दिवशी प्रथम ज्ञात झाले.

प्रकृतीचे वर्तमान असे. मानेच्या डाव्या बाजूने मेंदूकडे रक्त नेणारी जी मोठी धमनी असते, ती आतून चिरली आहे. बाहेरून सारे यथास्थित. केवळ कोटाचे अस्तर उसवावे तसे आतले अस्तर सुटले आहे. त्या उसवणीत रक्ताची गुठळी धरते, आणि ती निसटून मेंदूत गेली की अर्धे अंग जाते, वाचाही जाते. माझी वाचा जाण्याने कित्येकांचे कल्याण झाले असते, पण तो योग हुकला. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आणखी दोन दिवस घरी काढले असते, तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही.” मी त्यांना सांगितले नाही की घरी काढण्याचाच बेत होता.

काल सकाळी स्कॅनचा निकाल ऐकून आपण कोणाचाही निरोप न घेता निघून गेलात. अतिदक्षता विभागाबाहेरच्या रॅकवर आता माझी आठ नंबरची उजवी आणि आपली दहा नंबरची डावी अशा दोन चपला उरल्या आहेत. ज्या माणसाने फोकस तीनदा तपासल्याखेरीज उभ्या आयुष्यात एकही फोटो काढला नाही, त्याने पायांत काय सरकवले हे न पाहता जिना उतरावा, यावर मी भाष्य करीत नाही. वस्तुस्थिती तेवढी कळवितो. चप्पल सवडीने पाठवावी.

२१ मार्च, शनिवार
घर, आरामखुर्ची, मानेस पट्टा

बंधुवर्य,

उत्तर आले नाही, चप्पलही आली नाही. हे अपेक्षितच होते. तथापि मागील पत्रात मी एक गोष्ट झाकून ठेवली, ती आज उघड करतो. कारण अर्धवट आभार मानणे ही एक प्रकारची चोरीच होय.

स्टुडिओचे छत पिवळे पडले होते. ते मी स्वहस्ते रंगवायला घेतले. शुक्रवार-शनिवार असे दोन दिवस शिडीवर उभा राहून मान मागे टाकून कुंचला चालवला. पत्नीने शिडी वर्ज्य केली होती, त्यामुळे तिला सांगितले की जुनी बिले लावतो आहे. शनिवारी सायंकाळी मानेत डावीकडे कळ आली. तिला सांगितले, उशी उंच झाली. रविवारी डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू झाला. तिला सांगितले नाही. न्हाणीघरात जाऊन एक गोळी घेतली. सोमवारी दाढी करताना आरशात पाहिले, तर डावी पापणी किंचित उतरलेली आणि त्या डोळ्यातली बाहुली बारीक, मोहरीएवढी.

दुसऱ्या कोणी हाक मारली असती, आरसा खिडकीजवळ नेला असता, निदान घाबरला तरी असता. तीस वर्षे गिऱ्हाइकांचे डोळे फोटोत पेन्सिलीने सारखे करणाऱ्या माणसाने काय केले? मी मनातल्या मनात ती पापणी केसभर वर उचलली, उजवी बाहुली डावीकडे आणून बसवली, आणि उरलेली दाढी पुरी केली.

चहाच्या वेळी ठणक्यापायी मी पडदे ओढून बसलो होतो. पत्नी समोर बसली आणि कप खाली ठेवून म्हणाली, “अहो, तुमचा उजवा डोळा एवढा मोठा का दिसतोय?”

“आपल्या दर्शनाने विस्फारला असेल.”

“आणि डाव्याला मी आवडत नाही वाटतं?”

हा विनोद तिने केला खरा, पण करताना ती हसली नाही. तिने सरळ आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्या हाती दिला. त्यांनी विचारले, कधीपासून. मी उत्तरलो, “जन्मजात.”

बंधुवर्य, हे निव्वळ असत्य नव्हते. ते व्यावसायिक अनुमान होते. दोन सारखे डोळे मी आजवर कोणाच्याच मुखावर पाहिलेले नाहीत. डॉक्टरही तेच म्हणाले: “असतो थोडा फरक, पाचांतल्या एकाला असतो, त्याने काही होत नाही. पण तुमचा जन्माचा आहे हे कशावरून? जुना फोटो काढून बघा. त्यात असाच असेल तर सावकाश या. नवीन असेल तर आजच या. आणि त्यात डोकं किंवा मान दुखत असेल, पापणी उतरली असेल, एकाचे दोन दिसत असतील, कुठे डोकं आपटलं असेल, तर माझ्याकडे येऊच नका, तडक मोठ्या रुग्णालयात जा, तासाभराचाही उशीर नको. दुखतंय का काही?”

“छे.”

“पापणी?”

“आमच्या घराण्यातच निद्राळू मुद्रा आहे.”

फोन खाली ठेवला तोवर पत्नीने कपाटातून अकरा आल्बम काढले होते. एकेक पान उलटत ती म्हणाली, “हे बघा. हे बघा. सगळीकडे सारखे आहेत! म्हणजे हे नवीनच आहे.”

“तो पुरावा ग्राह्य नाही,” मी म्हणालो, “ते डोळे माझ्या पेन्सिलीचे आहेत.”

आणि तसेच होते. लग्नातला, स्टुडिओच्या उद्घाटनाचा, ओळखपत्रावरचा, प्रत्येक फोटोत मी स्वतःला सुधारून ठेवलेले. मोबाइलमध्ये माझे दोनच निघाले, तेही मीच ‘नीट’ करून तिला पाठवलेले. फोटोंवर पोट भरणाऱ्या घरात घरधन्याचा एकही खरा फोटो नाही! माझ्या दृष्टीने खटला संपला होता. माझ्या बचावाची व्यवस्था मी तीस वर्षे अगोदरच करून ठेवली होती.

पुढचे मला नंतर कळले. ती मागच्या खोलीत गेली आणि तिने तुला फोन केला.

“भाऊजी, तुमच्या पेटीत यांचा हात न लावलेला एखादा फोटो आहे का?”

“कुणी विचारलंय? घाऱ्याने?”

“त्यांना माहीत नाही. पापणी उतरलीय, एक बाहुली बारीक झालीय. जन्मापासूनचं आहे म्हणतात.”

“थांब.”

मग म्हणे पेटीचे झाकण वाजले, आणि अकरा मिनिटे ती फोन कानाला लावून उभी राहिली.

ती पेटी! किती छळले मी तुला त्या पेटीवरून. प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन फोटो काढायचास, एक माझ्या पेन्सिलीपुरता आणि एक पेटीपुरता. मी चारचौघांत म्हणायचो, आमच्या दादाला फिल्म जास्त झाली आहे. त्या पेटीत माझीही निगेटिव्ह असतील हे मी साफ विसरलो होतो. दरवर्षी नवे दिवे बसवले की उजेड तपासायला तू मलाच स्टुलावर बसवायचास. “बस, घाऱ्या, तुझं थोबाड फुकट मिळतं,” म्हणायचास. काळ्या डोळ्यांत बाहुली फोटोत शोधून सापडत नाही. माझे घारे, म्हणून लख्ख दिसते. निगेटिव्हमध्ये तर उलटी सृष्टी, बाहुली पांढरी.

अकरा मिनिटांनी तू म्हणालास, “नऊ वर्षांचे नऊ फोटो भिंगाखाली पाहिले. दोन्ही बाहुल्या सारख्या, पापण्या सरळ. त्याला जन्मापासून काही झालेलं नाही. जन्मापासून तो खोटारडा आहे, तेवढंच. निघालो मी.”

डॉक्टरीणबाईंनी तुझी निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरून पाहिली हे तू पाहिलेच आहेस. मग त्यांनी पडदा ओढला, बॅटरी लावली, विझवली. उजेडात दोन्ही डोळे आपापले काम करीत होते. अंधारात मात्र उजवा उमलला आणि डावा तसाच मिटल्यासारखा राहिला. म्हणजे चहाच्या वेळी पत्नीने ज्या मोठ्या डोळ्यावर आळ घेतला होता तो सर्वस्वी निरपराध. खोड होती ती लहानात. थोरला निर्दोष, दोष धाकट्याचा. हा निकाल आपणांस गोड लागला असेल.

पाहा, मध्येच मी ‘तू’वर उतरलो. औषधाचा परिणाम असावा. पूर्ववत ‘आपण’.

९ एप्रिल, गुरुवार
स्टुडिओ, दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही

आपणांस,

आजपासून दोन तास दुकान उघडण्याची अनुज्ञा मिळाली. शिडी पत्नीने कोणास देऊन टाकली ते ती सांगत नाही. छत अर्धे पांढरे, अर्धे पिवळे आहे आणि बहुधा तसेच राहील.

प्रथम गिऱ्हाईक म्हणून एक ग्रंथपाल बाई आल्या, परवान्यासाठी फोटो काढून घेण्यास. भिंगातून पाहतो तो उजवी बाहुली डावीहून केसभर मोठी. महिन्यापूर्वी मी मुकाट्याने फोटो काढून मुकाट्याने डोळा सारखा केला असता. आता मी कॅमेऱ्यामागून बाहेर आलो.

“बाई, आपले जुने ओळखपत्र जवळ आहे काय?”

“आहे की. तोच फोटो चालेल का?”

चौदा वर्षांपूर्वीचा फोटो. काढणाऱ्याने त्यावर काडीची मेहनत घेतलेली नव्हती. त्या अज्ञात बंधूच्या आळसाला मी मनोमन वंदन केले. फरक होता तेवढाच, तसाच, त्याच बाजूला. दिवा मंद करून पाहिला, लख्ख करून पाहिला. फरक वाढला नाही, घटला नाही. मी विचारले, डोके दुखते? मान? एकाचे दोन दिसतात? डोळ्यांत नवे थेंब घातले? बाई प्रत्येक प्रश्नागणिक खुर्चीच्या कडेला सरकत होत्या.

“म्हणजे मला काय झालंय?”

“आपणांस काही झालेले दिसत नाही. आपण पाचांतल्या एक आहात. तरी पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा डोळे दाखवा; मी काही डॉक्टर नव्हे. परंतु हा फरक कधी वाढला, पापणी खाली आली, अथवा मान-डोके ठणकू लागले, तर माझ्याकडे फोटोला येऊ नका, त्याच पावली रुग्णालयात जा.”

“तुम्हाला हो कसं एवढं माहीत?”

“मी रुग्ण आहे.”

त्या जरा सैलावल्या. मग म्हणाल्या, “बरं, तेवढा डोळा सारखा करून द्या फोटोत.”

मी नकार दिला. त्या फणकाऱ्याने उठून समोरच्या दुकानात गेल्या. आपण हयातभर असे ग्राहक घालवलेत आणि मी हयातभर आपणांस हट्टी म्हटले. हट्टी माणसाला त्या वेळी काय वाटत असेल हे मला आता कळले. वाईट वाटते. पण बरेही वाटते, आणि त्याचे कारण सापडत नाही.

आता ज्याकरिता हे पत्र घेतले ते लिहितो. इथून पुढे ‘आपण’ जमणार नाही.

दादा, आईच्या फोटोविषयी.

तू नऊ वर्षांचा, मी पाच. भांडण कशावरून होते ते आठवत नाही. तू बिस्किटांचा रिकामा डबा भिरकावलास, मला लागायचा, आणि आई मध्ये आली. उजव्या भुवईवर खोक पडली. पुढे कोणी विचारले की ती म्हणायची, “हे दोघांचं प्रगतिपुस्तक आहे.” ती गेल्यावर भिंतीसाठी फोटो करायचा होता. तू तो पहिला कच्चा फोटो हातात घेऊन उभा होतास, आणि मी पाहिले की तू तिच्या डोळ्यांकडे बघतच नाहीस. सारखा भुवईकडे बघतोस. मला वाटले, ही खूण गेली तर हा आईच्या डोळ्यांत बघेल. म्हणून मी ती काढली. पेन्सिलीचे फार तर दहाबारा फटकारे.

फ्रेम भिंतीवर लागली तेव्हा तू म्हणालास, “तू आईला पुसलंस.” आणि मी हे सारे सांगायचे सोडून काय म्हणालो? “फोटो सुंदर झालाय की नाही तेवढं बोल.” या एका वाक्यावर सात वर्षे गेली. तू तुझा कॅमेरा आणि पेटी घेऊन गेलास, मी दुकान घेऊन बसलो.

आणि जे वर लिहिले तेही पुरते खरे नाही. तो डबा मला लागायचा होता. ती खूण माझ्या वाटणीची होती. ती मला रोज समोर नको होती. आरशातली पापणी ज्या हाताने उचलली, त्याच हाताने आईची भुवई सारवली.

तुझ्या पेटीत तिचाही दुसरा फोटो असणार. मागत नाही. असेल, एवढे आठवले की बरे वाटते.

चपलेचे स्मरण आहेच.

१६ जून, मंगळवार
स्टुडिओ, सर्व दिवे चालू

छायाप्रकाशचक्रवर्ती इत्यादी इत्यादी, वरीलप्रमाणे,

तीन महिन्यांचा स्कॅन झाला. अस्तर पुष्कळ सांधले आहे. औषध आणखी काही महिने. डावी पापणी अजून नखभर खाली आहे आणि बाहुली बारीकच. डॉक्टरीणबाई म्हणतात, कदाचित जाईल, कदाचित राहील. मी म्हणालो, राहू द्या, कोणी हात लावणार नाही. त्या म्हणाल्या, आजचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवा. पुढे कधी शंका आली तर ताडून पाहता येईल. तो काढला आहे, स्टुलावर बसून, समोरून, दोन्ही पापण्या जशा आहेत तशा. सोबत पाठवीत आहे. आपल्या पेटीत नऊ आहेत; हा दहावा. माझ्या घरी तो सुरक्षित नाही, माझ्या हाताची मलाच खात्री नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. शनिवारी आपले पार्सल आले. दोन पुठ्ठे, त्यांत कापूस, कापसात पाकीट, पाकिटात आई. पाकिटावर पेन्सिलीने तीन शब्द: “हात लावायचा नाही.”

मी ते तीन शब्द पुष्कळ वेळा वाचले. सात वर्षांत प्रथमच तू माझ्याशी बोललास.

त्या निगेटिव्हवरून प्रिंट काढला. मी केवळ कागद रसायनाच्या पाण्यातून इकडून तिकडे नेला, बाकी काही केले नाही, पत्नी साक्षीला उभी होती. भुवई वर येऊ लागली, मग त्यावरची ती पांढरी रेघ आली, आणि मग, दादा, डोळे आले. आईचेही सारखे नव्हते. उजवा जरासा लहान. तुला ठाऊक असेल. तू भिंगातून पाहिले असशील. मी मात्र तिच्या पुढ्यात वाढलो आणि मला ठाऊक नव्हते; फोटोतही तो मी पहिल्याच झटक्यात, हाताच्या सवयीने, सारखा करून टाकला होता.

जुनी फ्रेम उतरवून ही लावली. पत्नी म्हणाली, “आता त्या बघतायत आपल्याकडे.” तू येऊन उभा राहिलास तर कुठे बघशील ते तुझे तू ठरव. मी विचारणार नाही. दार दुपारी चारनंतर उघडे असते. चहा पत्नी करील, मी करत नाही, याची नोंद घ्यावी.

आभार कसे मानावेत हे मला अद्याप साधलेले नाही. तू नऊ वर्षे माझा चेहरा जसा होता तसा जपून ठेवलास, आणि मी त्याला फिल्म जास्त झाली म्हणालो. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडले. पाचव्यांदा तसेच ठेवले आहे.

राहता राहिला चपलेचा विषय. पार्सल मी उलटे करून झटकले. कापूस निघाला, पुठ्ठे निघाले, चप्पल निघाली नाही. वास्तविक त्या खोक्यात आठ नंबरची चप्पल सुखाने मावली असती. मी माझी उजवी घालून मोजून पाहिले आहे. अखेर वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, ते ती डावी घालूनच घरभर फिरतायत. टाच बाहेर लोंबते. काढा म्हटलं की म्हणतात, आधी घाऱ्याला माझी पाठवू दे.” बंधुवर्य, हा हट्ट अनाठायी आहे. प्रमाद आपला, जिना आपण उतरलात, तेव्हा प्रथम पाठवण्याचे कर्तव्यही आपलेच. मी माझ्या मतापासून ढळणार नाही. डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास चालण्याची आज्ञा केली आहे, आणि एका पायात आठ व दुसऱ्यात दहा घालून मनुष्य सरळ चालत नाही, तो डावीकडे वळत वळत पुन्हा आपल्याच दारात येतो. शिवाय आपल्या चपलेचा अंगठा सैल आहे, आणि पट्ट्याची आतली शिवण मला चावते.